पाणी पिऊन होईपर्यंत

आज सकाळी आमच्या नव्या शिक्षिकेचा घामेजलेला अंगठा हजेरीचं मशीन काही केल्या घेईना. तिची अक्कलकोटची एसटी उशिरा आली होती. तिची धाप ऐकली आणि मला माझं नोकरीचं पहिलं वर्ष आठवलं.

मी मोहोळहून सोलापूरला यायची. घरी सहा महिन्यांचं बाळ. त्याच्या दुखण्याखुपण्यासाठी मी एकेक रजा जपायची, आणि तीन लेटमार्क झाले की एक रजा जायची. एकदा एसटी वाटेतच बंद पडली. फाटकातून पळत आले, तर मैदानावर मुलं ओळीत उभी आणि घंटेजवळ हातोडी धरून स्वतः मुख्याध्यापक.

"सर, उशीर झाला."

"कुटं झालाय? अजून घंटा न्हाय झाली की. आधी पाणी प्या, बाई."

मी ग्लास खाली ठेवला, मगच घंटा झाली.

सरांचं घड्याळच मागे असणार, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं! आज मी मुख्याध्यापकांच्या त्याच खुर्चीत बसते. अख्खी शाळा एका बाईच्या ग्लासभर पाण्यासाठी थांबवायला काय लागतं, ते आता कळतं.

या मेल्या मशीनला थांबवणं माझ्या हातात नाही. मी नव्या शिक्षिकेच्या वर्गाचा हजेरीपट उचलला.

"वर्गावर मी जाते. आधी पाणी प्या, बाई."