बायकोच्या नावाची गोळी

मुरबाडच्या मेडिकलवाल्याने डबी काउंटरवर ठेवली तेव्हा तिच्यावरचं चित्र मला दिसलं. हात पसरून हसत उभी असलेली एक बाई. पाठ ताठ, केस मोकळे, तोंडभर दात. दुकानात आमच्या वैशाखरे गावची दोन माणसं खोकल्याचं औषध घ्यायला उभी होती. मेडिकलवाला तसा भला माणूस, पण आवाज भोंग्यासारखा. "यात कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, झिंक आहे, हाडांना लागतं ते सगळं आहे. कोणाला, वहिनींना का?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, तिचीच हाडं दुखतात."

झालं! मी घरी पोचायच्या आत ती बातमी वैशाखऱ्याला पोचली होती.

मी भाताच्या गिरणीचा मालक. मालक म्हणजे काय, तर हमाल, मेकॅनिक आणि झाडूवाला, सगळं मीच. भात भरडताना तुसाची जी धूळ उडते ती जन्मभर छातीत घेतली आणि दमा लावून घेतला. कधीकाळी एका डॉक्टरने एक बारकी पांढरी गोळी लिहून दिली. ती घेतली की छाती मोकळी व्हायची. मग परत डॉक्टरकडे जातोय कोण? तीच जुनी चिठ्ठी दाखवायची, तीच गोळी आणायची, अशी वर्षं काढली. ती गोळी आतून हाडं पोखरतेय हे मला कोणी सांगितलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही.

मग एक दिवस भाताचं पोतं पाठीवर घेतलं आणि आत कुठेतरी कट्‌ झालं. आवाज मी ऐकला. पोतं टाकलं नाही, नेऊन ठेवलं, कारण गिऱ्हाईक बघत होतं. नंतर मात्र डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मुरबाडच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरला. पाठीचा एक मणका दबला होता. "हाडं ठिसूळ झालीत," तो म्हणाला. मी म्हटलं, "डॉक्टर, हा तर बायकांचा रोग." तो हसला. मला हसू आलं नाही. त्याने नीट समजावलं. दम्याची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, ती तो हळूहळू बदलून देणार. कॅल्शियमची गोळी जेवणावर घ्यायची, चहाबरोबर नाही. आठवड्यातून एकदा दुधातून 'ड' जीवनसत्त्वाची पावडर, तीही आठवड्यातून एकदाच, हौसेने रोज नाही. सकाळच्या उन्हात चालायचं. "पण गोळ्या घेतल्या म्हणजे हाडं लोखंडाची झाली असं समजू नका. वजन उचलायचं नाही. वाकून तर मुळीच नाही."

पोतं न उचलणारा गिरणीवाला! गावात माझं नाव निघायचं तेच मुळी पोत्यावरून. जत्रेत पैजा लावून उचललेली आहेत मी. आता त्या माणसाने सांगायचं काय, की मला बायकांचा रोग झालाय आणि शिंक आली तरी मी भिंत धरतो?

घरी बायको तांदूळ निवडत होती. मी जे घडलं ते सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"माझं नाव सांगितलंत? माझ्या हाडांना काय धाड भरलीय?"

"आता सांगून झालं ना. थोडे दिवस चालू दे."

"तुमचा रोग नि माझ्या बोकांडी! वा रे वा!"

तिने त्या दिवशी डबीवरचं चित्र नखाने खरवडून काढलं आणि गोळ्या ओव्याच्या डब्यात ओतल्या. त्यामुळे माझ्या कॅल्शियमला कायम ओव्याचा वास यायचा.

गोळी तरी केवढी! वालाच्या दाण्याहून मोठी, वर खडूसारखी खरबरीत. घशात अडकायची. मग बायको अडकित्त्याने सुपारीसारखे तिचे दोन तुकडे करायची. दुपारचं जेवण झालं की मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायचो, ती दारात उभी राहून बाहेर लक्ष ठेवायची आणि मी चोरासारखा गिळायचो. जेवणानंतरचा चहा गेला. पोट दगडासारखं झालं, सकाळी बसून बसून पाय वळायचे. मी कुरकुर केली की ती म्हणायची, "गिळा गपचूप. माझं औषध हाय, मला लागू पडाय पायजे."

हसायला यायचं, पण हसण्यासारखं तिचं काही राहिलं नव्हतं. नळावर गेली की बाया तिच्या डोक्यावरचा हंडा काढून घ्यायच्या. "तू नको गो उचलू, हाडं मोडतील." लावणीला निघाली तर तिला बांधावर बसवून पोरं सांभाळायला दिली. तिच्याइतकी सरळ रोपं लावणारी बाई गावात नाही, आणि ती बांधावर बसून दुसऱ्यांची शेंबडी नाकं पुसत होती. शेणव्याला दिलेल्या माझ्या बहिणीने पिशवीभर नाचणी आणि तीळ पाठवले. हळदीकार्याला गेलं की कोणीतरी तिच्यासाठी खुर्ची ओढायचं. ती खुर्चीत बसून माझ्याकडे अशी बघायची की मला मांडवातून उठून जावंसं वाटे.

आणि पहाटे, गिऱ्हाईक यायच्या आत, हीच रोगी बाई गिरणीत येऊन पोती उचलून थप्पीला लावायची. दिवसा मी दम लागल्याचं सोंग करून खुर्चीवर बसायचो आणि लोकांना म्हणायचो, "तुमचं तुमी टाका रे, छाती भरलीय आज." दमा सगळ्यांना ठाऊक होता. दम्याची लाज नसते. हाडांची का होती, ते मला आजही सांगता येणार नाही. पण होती, आणि तिच्यात मी पुरता कोंडला गेलो होतो. खरं सांगावं तर एवढे दिवस बायकोला राबवलं हे उघडं पडणार. न सांगावं तर हे असंच चालू. रात्री कुशीवर वळतानासुद्धा मी आधी विचार करायचो.

अशात माझा थोरला भाऊ आजारी पडला. दादाचं घर आमच्याला लागूनच. पोटाचं दुखणं निघालं, कल्याणपर्यंत फेऱ्या झाल्या, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी रोज संध्याकाळी त्याच्या ओटीवर जाऊन बसायचो. तो फार बोलत नसे. कधी म्हणायचा, "गिरणी चालू हाय ना रे?" मी म्हणायचो, हाय. "मग बरं."

बघायला येणारे जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. वडील गेले तेव्हा तिरडीला पुढे आम्ही दोघे भाऊ होतो, घरापासून नदीपर्यंत खांदा बदलला नव्हता. गावाला ते आठवत होतं. आता दादाला पुढचा खांदा माझा, हे न बोलता ठरलेलं होतं. आणि मी, लाज वाटते सांगायला, भावाच्या उशाशी बसून स्वतःच्या मणक्याचा विचार करत होतो. भाऊ मरायला टेकलाय आणि याला आपल्या पाठीची पडलीय! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची.

मी डॉक्टरकडे जाऊन आडून आडून विचारलं. एवढ्या गोळ्या खाल्ल्या, आता एखाद्या वेळेस, थोडा वेळ, थोडं वजन? तो म्हणाला, "एखाद्याच वेळेस मोडतं हो. मोडायला काय रोज लागतं?" घरी येऊन मी दुपारी दोन गोळ्या घेतल्या. बायकोने डबा हिसकावून घेतला.

"एकदम खाऊन काय एका दिवसात भरनार हायत हाडं? मुतखडा होईल, तो वेगळा. त्यापेक्षा सांगून टाका."

"काय सांगू? भावाला खांदा देता येत नाही म्हणून सांगू?"

"नाय सांगितलंत तर मी सांगेन. तिथं, सगळ्या मानसांत. अंथरुणात पडलात तर तुमचं करायचं कोनी? मीच ना?"

"तसं केलंस तर परत तोंड बघणार नाही तुझं."

"नका बघू," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

दादा सकाळी गेला. ऊन वर आलं तोवर अंगण भरलं, शहापूरकडचे पाहुणेही येऊन पोचले. माणसं बांबू बांधत होती. मी एका कडेला उभा होतो. रडू येत नव्हतं. डोक्यात एकच, की आता हाक येईल.

आली. गावातल्या एका म्हाताऱ्याने हाक दिली, "धाकटा भाऊ कुठाय? पुढं घ्या त्याला."

मी बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. बायको दारात होती, पदराचं टोक दातात धरलेलं. आमची नजरानजर झाली. तिने पदर तोंडातून काढला. आता ही ओरडणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, क्षणभर वाटलं की ओरड बाई, सोडव मला. पण तिने पदर परत दातात धरला.

मी पुढे झालो. दादाचा थोरला मुलगा मडकं धरून सगळ्यांच्या पुढे चालणार होता. धाकटा पुतण्या माझ्या पुढ्यात येऊन बांबूचं टोक धरून उभा राहिला, दादाचा जावई माझ्या पाठीमागे. दोघेही ताडमाड. मी डोळे मिटले, श्वास रोखला आणि खांदा पुढे केला. तिरडी वर उठली.

पाठीत कट्‌ होण्याची मी वाट बघत होतो. ते झालं नाही. काहीच झालं नाही. आम्ही चालू लागलो, मी बांबूला हात लावून पावलं टाकत राहिलो, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की माझ्या खांद्यावर काही नाहीच. बांबू माझ्या खांद्याच्या बोटभर वरून चालला होता.

विसाव्याला तिरडी खाली ठेवली. लोक पाणी फिरवण्यात गुंतले होते. मी पुतण्याचा दंड धरला. "काय चाललंय रे? बांबू वर का धरताय?"

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. डोळे रडून लाल झाले होते त्याचे. "काका, बाबांनी सांगून ठेवलंय आमाला. म्हनाले, काकाला पुढंच उभा करा, त्याचा मान हाय तो. पन बांबू त्याच्या खांद्याला लागू द्यायचा नाय. नि कोनाला कळू द्यायचं नाय."

"त्याला कसं कळलं?"

"काकीला पहाटेची पोती उचलताना बघितलं त्यांनी. कवाचंच. आईलापन बोलले नायत."

म्हणजे रोज संध्याकाळी मी त्याच्या उशाशी बसून जे लपवत होतो, ते त्याला ठाऊक होतं. स्वतः मरायला टेकलेला माणूस माझी पाठ सांभाळत पडला होता आणि मला विचारत होता, गिरणी चालू हाय ना रे?

परत उचलायची वेळ झाली. मी माझ्या जागी उभा राहिलो. दुसरीकडे जाणार तरी कुठे? आता मात्र रडू आलं, आवरेना. लोक म्हणाले, रडू द्या त्याला. बांबू पुन्हा खांद्याच्या वरून चालला, आणि मला राहवेना. मणका गेला तर गेला, दादाला एकदा तरी अंगावर घ्यावा म्हणून मी चालता चालता टाचा उंचावल्या, खांदा बांबूला भिडवायला गेलो.

पुढून पुतण्याने आणि मागून जावयाने बांबू तेवढाच आणखी वर उचलला.