फुकटच्या गोळीचा दम

औषधाच्या गोळीत दम आहे की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता? तिच्या किमतीवरून?

माझी आई तसंच ठरवायची. केशोरी गावात आमच्या घरी पित्ताच्या दोन प्रकारच्या गोळ्या होत्या. आरोग्य केंद्रातून फुकट मिळालेल्या गोळ्या डब्यात पडून राहायच्या आणि मेडिकलमधली महागडी आई अर्धी मोडून खायची. अर्धीने जळजळ जात नसे. "आख्खी खा ना," म्हटलं तर म्हणायची, "रोज आख्खी खाले आपली काय राइस मिल हाय?" मग फुकटची का नाही? "फुकटच्या गोळीत दम नाई रायत."

मी वाढले ती चळवळीची पत्रकं वाटत. फुकट ते हलकं, हा समज म्हणजे गरिबाचा अपमान, असं एक पत्रक माझ्या डोक्यात तयार होतं. पण आई पत्रकाला बधणारी नव्हती. म्हणून रसायनशास्त्राच्या सरांना विचारून दोन्ही गोळ्या मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेल्या. प्रयोगातली माझी जोडीदारीण सौंदडच्या मेडिकलवाल्याची मुलगी. तिचा भरवसा अर्थातच महागडीवर.

गोळ्या वेगवेगळ्या कुटून मोजलेल्या आम्लात टाकल्या. गोळीने मारल्यावर किती आम्ल उरलं, ते बघायचं होतं. त्यासाठी त्यात रंगसूचकाचे दोन थेंब टाकून ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मापाच्या काचनळीतून, कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंबथेंब सोडायचं आणि आम्ल संपून गुलाबी रंग येऊन टिकला की थांबायचं. द्रावण जितकं कमी लागेल, तितकी गोळी जोरदार.

कोणता फ्लास्क कोणत्या गोळीचा, हे आम्हाला कळू नये म्हणून सरांनी नुसत्या खुणा केल्या होत्या. पण गोळी नीट विरघळावी म्हणून गरम करताच एकातून महागडीतल्या पुदिन्याचा वास आला आणि सगळं उघडं पडलं.

दुसऱ्यात, म्हणजे फुकटच्या गोळीच्या फ्लास्कमध्ये, जरासा गुलाबी रंग झळकला, तशी मी तोटी बंद केली.

"काऊन वं? हालव तर," जोडीदारीण म्हणाली. हलवला, रंग गेला. "तुले आधीच गुलाबी दिसून राहिलं. पत्रक छापून आली काय?"

"अन् तू दुकान सांभाळून राहिली."

शेवटी ठरलं, दोघींना रंग दिसला तरच तोटी बंद. तसं पुन्हा पुन्हा केलं. आकडे जवळजवळ सारखे आले, महागडी किंचित सरस. ते 'किंचित' मी लपवलं नाही, तिनेही फुगवलं नाही.

घरी आईला सगळं सांगितलं, किंचितसकट.

"तुया काचेच्या भांड्यात भात-भाजी होती काय?"

"नाही."

"मंग?"

"मग तूच खाऊन बघ. केंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितली तशी, आख्खी."

जेवणानंतर तिने ती फुकटची गोळी चावली. "खडू खाल्ल्यावानी लागते," म्हणाली आणि आडवी झाली. उठून तांदूळ निवडायला बसली. मी तिच्याकडेच बघत होते.

"काय पाहून राहिली? गेली जळजळ."

तुमच्याही घरात अशी गोळ्यांची फुकटची पट्टी पडून असेल. ती फेकू नका. आधी तिच्यावरची मुदतीची तारीख बघा, मग फुकटच्या आणि विकतच्या, दोन्ही पाकिटांवरचे घटक शेजारी ठेवून वाचा आणि अर्ध्या गोळीवर दिवस काढणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. जळजळ रोजचीच असेल, तर त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.