दादाची फुंकर

माझ्या पुतणीच्या साक्षगंधात व्याह्यांनी पहिली मिठी मारली ती मला, आणि तेव्हा माझ्या डोक्यावर पोहे होते.

मिठीचा मान खरं तर माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा. मुलीचा बाप तो. अपघातानंतर त्याचं मानेखालचं काही हलत नाही. पण तोंडाजवळच्या नळीत जोरात फुंकलं की त्याची नवी खुर्ची चालू लागते, ओढलं की थांबते, आणखी ओढलं की मागे जाते. सक्करदऱ्याच्या आमच्या अंगणात त्यानं रोज सराव केला (कुंड्या अजून जागेवर आलेल्या नाहीत). सगळ्यांदेखत, कोणी न ढकलता व्याह्यांपर्यंत जायचं, एवढंच त्याला हवं होतं.

"बाल्या, खुर्चीले हात लावशीन तं पाहून घे," त्यानं सकाळीच बजावलं.

मदत करणं हा माझा स्वभाव आहे. घरचे त्याला आजार म्हणतात.

हॉलवर उमरेडचे पाव्हणे यायचे होते. म्हटलं, तोवर दादाला तर्री-पोहे भरवू.

"भाऊजी, तर्री कमी टाका," वहिनी म्हणाली. "आन् भरवताना खुर्ची बंद करजा."

"मले माहीत नाही का वहिनी?"

खुर्ची बंद केली नाही. एका प्लेटीसाठी कशाला? तर्री मात्र सढळ हातानं ओतली.

दुसऱ्याच घासाला दादाचे डोळे लाल झाले. "पाणी दे, पाणी!" मी धांदलीत पाण्याच्या बाटलीची समजून खुर्चीचीच नळी त्याच्या तोंडात दिली. नेमका तेव्हाच त्याला ठसका लागला.

खुर्ची निघाली. समोर वाकलेला मी थेट दादाच्या मांडीवर बसलो. पोहे वर गेले आणि माझ्यावर उतरले.

"उतर ना बे!"

"थांबव ना गा दादा!"

"कसा थांबवू? नळी तुह्या कोपराखाली हाये!"

दारात व्याही नुकतेच पोचले होते, हात पसरून. त्यांच्या पुढ्यात गाद्यांच्या ढिगाला टेकून खुर्ची थांबली. मी थांबलो नाही.

"लयच प्रेम हाये बा तुमचं," मला छातीशी सावरत व्याही म्हणाले.

सगळे हसले. दादा हसला नाही.

"हे भेट गिनतीत नाही," तो म्हणाला. "रूपा, नळी सरळ कर. आन् तुह्या काकाचे हात बांध."

"काहून गा?" मी विचारलं.

"तू मदत करशीन."

नवऱ्या मुलीनं मानाच्या ताटातला दुपट्टा उचलला आणि काम चोख केलं.

दादा मागे गेला, पार हॉलच्या भिंतीपर्यंत. मग फुंकलं. खुर्ची सरळ आली आणि व्याह्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावर थांबली. व्याह्यांनी वाकून त्याला मिठी मारली. बराच वेळ सोडली नाही.

"मस्त चालवता हो."

"लायसन काढाचं राहिलं," दादा म्हणाला. आता तो हसत होता.

हॉलभर टाळ्या पडल्या. मी तेवढ्या वाजवू शकलो नाही. आमच्याकडे मानाचा दुपट्टा गळ्यात घालतात. माझा मनगटांवर होता, आणि गाठ पक्की होती.