एकच रिंग

कामोठ्याच्या बाजारात मोरा बंदराहून येणाऱ्या एका मावशीकडून मी मासळी घेते. तिचा नवरा होडी घेऊन समुद्रावर जातो. परतताना किनाऱ्याचं नेटवर्क मिळालं, की तो एक रिंग देऊन फोन कापतो. म्हणजे सगळं ठीक. ही खूण कॉल महाग होते तेव्हाची, टूजीची. पुढे थ्रीजी आलं, फोरजी आलं. खूण तीच राहिली.

जुनी नेटवर्कं बंद करून लोकांच्या गळ्यात नवे फोन मारणाऱ्या कंपन्यांवर मी तिच्यापुढे तावातावाने बोलायचे. ती बोंबलांवर पाणी शिंपडत म्हणायची, "भाषन झालं असंल तं सांग, किती देऊ?"

गेल्या आठवड्यात तिच्या मुलाने दोघांना फाइव्हजी फोन घेऊन दिले. काल तिचा फोन वाजला, आणि एका रिंगनंतर थांबला नाही. वाजतच राहिला. सुरमई कापणारा तिचा हात थांबला.

"तूच उचल पोरी," ती म्हणाली. एवढ्या बारीक आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी उचलला. स्क्रीनवर उन्हात हसणारा माणूस होता. "व्हिडिओ हाय, फुकट हाय. म्हटलं पापलेट दाखवू."

मी फोन तिच्याकडे वळवला. ती पापलेटांकडे नाही, त्याच्याकडेच बघत राहिली.

"फुकट हाय म्हनून जीव घेनार का माझा? एकच रिंग द्यायची," ती म्हणाली आणि फोन कापला.

थोड्या वेळाने फोन एकदाच वाजून थांबला. तिचा कोयता पुन्हा चालू लागला.