पाचरीला मानूस न्हवता

त्या दिवशी सकाळी भाभी ओंडक्यावर चढली तवा दोन हातच कापायचं ऱ्हायलं व्हतं. चौदा हात लांबीचा जांभळीचा ओंडका. सहा काप पुरं झालेलं, सातव्याचं बारा हात झालेलं. मी खाली खड्ड्यात, भाभी वर, मधी सहा हाती करवत.

वरनं म्हनली, "जरिना, आज जेवायच्या आत उरकू. मग दोगी दिसभर झोपू."

मी म्हनले, "तू कशाची झोपतीस, तू करवत पाजळत बसशील."

"बसंन की. तू झोप."

ओढाय लागलो. वीतभर गेलो आसू आन् करवत आवळली. लाकूड दोन्ही बाजूनं दाबाय लागलं की आसं व्हतं. मग चिरीत पाचर हानायची, चीर उघडती, करवत मोकळी व्हती. ल्हान लाकडाला दोन मानसं पुरत्यात. येवढ्या थोराडाला पाचरीला तिसरं मानूस लागतंच, त्यानं भुईवर बाजूला उभं ऱ्हायाचं आन् ओंडक्याच्या तोंडाकडनं पाचर हानायची. आमच्यात तिसरं कोन न्हवतं. म्हनून भाभी करवत सोडायची, वरनंच वाकून घनानं पाचर हानायची, परत करवत धरायची. एकवीस दिस तिनं आसंच केलं.

त्या दिवशी दोन घाव मारलं. तिसऱ्याला आतनं कट्ट करून आवाज आला आन् लाकडानं पाचर थुंकली. मला काय दिसलं न्हाई. मला खालनं कायम तिचं पाय दिसायचं. ते दिसंनात.

वर येऊन बघितलं तर ती पल्याड, कापून रचलेल्या फळ्यांवर उताणी पडली व्हती. पाचर छातीत बसली, आन् पडताना डोकं फळीच्या कडंवर आपटलं. बाजंवर घालून घरात आनली. डाक्तर आला, नाडी बघून गेला. ती एकदाच बोलली, "करवत चिरीतच हाय का? ऱ्हाऊ दी. तेल लाव तिला." दिस कलताना, असरच्या नमाजाच्या टायमाला गेली.

तिला न्हाऊ घालायचं पानी अजून तापत व्हतं तवाच अंगनात बाया म्हनाय लागल्या, बाई वर चढली म्हनून मेली. आज महिना झाला, अजून म्हनत्यात. बाजारात म्हनत्यात, नदीवर म्हनत्यात. म्हनून मी हे लिवतीया. मी मराठी तीन बुकं शिकलेली, चुकलं तर चुकलं. बाई वर चढली म्हनून मेली न्हाई. पाचरीला मानूस न्हवता म्हनून मेली.

हाजराबी तिचं नाव. माज्या थोरल्या भावाची, अल्लाबक्षभाईची बायको. माहेर मिरजंचं. बाप करवती पाजळायचा, गावोगाव कानस घिऊन फिरायचा, त्यामुळं लग्न हून आली ती दातांचं काम शिकूनच आली. कराडात आमचं घर नदीच्या अंगाला. घरामागं कापायचा खड्डा, आमच्या आज्यानं खांदलेला. तिथं भाई वर चढायचा, धाकला भाऊ दस्तगीर खाली. भाभी करवती पाजळायची. भाईनं कापलेल्या फळीवर तळहात फिरवला तर कुसळ लागायचं न्हाई, लोकं भाईला शाबास म्हनायची. भाई म्हनायचा, "ही तिच्या कानशीची करामत."

भाईला खोकला लागला. तीन सालामागं त्यो गेला. त्येचा चाळिसावा दिस झाला आन् दुसऱ्या दिवशी भाभीनं भाईचा लेंगा घातला, वरनं लुगडं खोचलं आन् चढली ओंडक्यावर. दस्तगीर खड्ड्याच्या काठाला उभा.

त्यो म्हनला, "भाभी, उतर."

"का?"

"मी बाईच्या पायाखाली उभा ऱ्हानार न्हाई."

"मग तू वर ये, मी खाली जाते. मला काय त्येचं."

दस्तगीर वर चढला. त्येनं आजवर ओढायचंच काम केलेलं, रेघ धरायचं न्हाई. लाकडावर मारलेली रेघ वरच्यानं धरायची आसती. हंबीरराव पाटलाच्या दाराच्या फळ्या व्हत्या, त्या आशा निगाल्या की जनू वढ्याचं वळन. हंबीररावांनी फळी हातात घेतली, एक डोळा झाकून बघितली आन् म्हनले, "दस्तगीर, ह्या दारातनं मी आत गेलो तर परड्यात निगंन रं." लोकं हसली. भाभी हसली न्हाई. तिनं त्येला खाली उतरवलं आन् दुसरं लाकूड घितलं. त्यो तसाच घरातनं निगाला आन् गावातल्या लालासाहेबाच्या लाकूड कापायच्या इंजनाच्या गिरनीवर कामाला लागला. बायकू पोरं घिऊन तिकडंच खोलीत ऱ्हायाय गेला.

मग खड्ड्यात कोन? बाईच्या पायाखाली उभा ऱ्हायाय कराडात एक गडी मिळंना. मी नवऱ्यानं टाकलेली, घरी आलेली, एकवीस वर्साची, भाकरी थापत बसलेली. भाभीनं हाक मारली, "जरिना, पीठ झाक आन् हिकडं ये." तिनं पयलं येवढंच शिकवलं, वर बघू नगंस, भुसा डोळ्यात जातो. ओढ म्हनलं की ओढायचं, सोड म्हनलं की सोडायचं, करवतीला लोंबकळायचं न्हाई. पयल्या आठवड्यात माजं हात वर जाईनात. मी रडले. ती म्हनली, "रड, पर ओढत रड."

रस्त्यानं जाणारं येणारं थांबून बघायचं. एक जन म्हनला, "बाया कापाय लागल्या, आता गड्यांनी भाकरी थापायच्या काय?" भाभी वरनंच म्हनली, "थापा की. करपल्या तर आमी नाव ठिवनार न्हाई." मसूर गावापासनं लोकं लाकडं आनाय लागली, कारन फळी सरळ निगायची. लढाई चालू, म्हनून इंजनाच्या तेलाला परमिट. तेल न्हाई तवा लालासाहेबाच्या इंजनावर कोंबड्या बसायच्या, आन् आमचं चालू.

तवा लालासाहेबाला आमची जागा पायजे झाली. नदीकडं उतार हाय, ओंडकं घरंगळत येत्यात. दस्तगीर म्हनाय लागला, जागा बापाची हाय, मी दुसरी गिरन घालीन लालासाहेबाच्या भागीत, तुमी दोगी चुलीपुरती खोली घ्या. भाभी म्हनली, "खड्डा सोडून काय बी माग."

आन् ह्या वैशाखात ओंडका आला. नदीपल्याडच्या गावाचा नावाडी आकाराम कोळी, त्येची नाव गेल्या पुरात व्हावून गेली. त्या गावाचा बाजार, दवाखाना सगळं नावंवर. पाटनकडं वादळात जांभळ पडली ती गावानं मागून घितली. जांभळ पान्यात सडत न्हाई. आठ बैलजोड्या लावून पाच दिसांनी कराडात आनली. आधी लालासाहेबाकडंच नेली. त्येचं करवतीचं चाक हातभर आत जातं, ओंडका दोन मानसांच्या कवंत मावंना. त्यो म्हनला, सुरुंग लावू, चार फाका करू.

आकाराम म्हनला, "फाकांची काय चूल पेटवू? फळी अखंड पायजे. सांधा आला की पानी आलं."

त्येची बायकू साळूबाई लय बोलकी. ती म्हनली, "आवं, अल्लाबक्षाच्या घरात सहा हाती करवत हाय न्हवं? हाजराबीला इचारा की."

भाभी आली. ओंडक्याभवती एक चक्कर मारली, कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, ठोकून कान लावला. म्हनली, "उघडते मी."

दस्तगीर तिथंच उभा. म्हनला, "भाभी, ही उंबऱ्याची फळी न्हवं."

"दिसतंय मला."

"दोन बायांचं काम न्हाई हे."

"मग तू ये खाली."

"तुझ्या पायाखाली? मिशा काढून येऊ काय?"

"ऱ्हाऊ दी मिशा. तेवढाच भुसा त्यात आडकंल."

सगळी हसली. दस्तगीर लालबुंद झाला. म्हनला, "ऐका सगळ्यांनी. हा ओंडका हिनं उघडला तर मी जागंचं नाव काढनार न्हाई. न्हाई उघडला तर खड्डा बुजवून जागा माजी."

भाभी म्हनली, "ऐकलं का आकाराम? साळू, तू ऐकलंस?" आन् रेघ मारायचं सूत काजळात भिजवाय गेली.

हे मी लपवीत न्हाई, दुसऱ्याच दिवशी तिला कळलं की पाचरीला मानूस लागतंय. मला म्हनली, "दस्तगीरकडं जा. म्हनावं पाचर भुईवरनं हानायची आसती, पायाखाली न्हाई. तेवढा ये." मी गेले. त्यो चाकाला तेल घालत व्हता. वर न बघता म्हनला, "मी लालासाहेबाचा गडी हाय. येळ न्हाई." हंबीररावांनी आपला एक गडी धाडला. त्यो एक दिस आला, संध्याकाळी लोकांनी त्येला, बायांच्या हाताखाली गेला म्हनून, चावडीवर टिंगलीला धरला, दुसऱ्या दिवशी आला न्हाई. भाभी म्हनली, "जाऊ दी. मला दोन हात हायत, एक घनाला, एक करवतीला." हात नुसता सुजायचा तिचा. संध्याकाळी मिठाच्या पान्यात घालून बसायची आन् दुसऱ्या हातानं जेवायची.

एकवीस दिस. सहा काप. दर कापाला लोकं कमी कमी हसाय लागली. शेवटाला तर लालासाहेब सोता येऊन फळीला हात लावून गेला.

मग त्यो दिस झाला. ते वर लिवलंय.

तिसऱ्या दिवशी कबरंवर दुवा मागायची जियारत झाली. गडी मानसं कबरस्तानातनं परत आली, फुलं वाटली, पानी प्याली, गेली. दस्तगीर ऱ्हायला. त्यो रडला व्हता, डोळं सुजलं व्हतं, ते मी खोटं म्हनत न्हाई. आमची चूल पेटवायची न्हवती म्हनून साळूबाई पाटीत भाकरी-कालवन घिऊन गुडघाभर पान्यातनं नदी वलांडून आली व्हती.

दस्तगीर म्हनला, "ऱ्हायल्यालं दोन हात मी उद्या उरकतो. लालासाहेबाचं गडी आनतो."

मी म्हनले, "आन् जागा?"

त्यो भुईकडं बघत म्हनला, "ओंडका तिच्यानं उघडला न्हाई न्हवं. दोन हात ऱ्हायलं."

मी आत गेले. भाईचा लेंगा खुंटीला व्हता, त्यो घातला. लुगडं खोचलं. मागच्या दारानं जाऊन ओंडक्यावर चढले. आजवर मी वर कवाच चढले न्हवते. उंच वाटलं. करवत चिरीत तशीच व्हती, तेल लावलेली; तीन दिसांत लाकूड वाईच सैल पडलेलं. वरची मूठ धरली.

दस्तगीर मागनं आला. "जरिना, उतर. वर मी चढतो, तू तुझी खाली जा. तुला खालचीच सवं हाय."

"तू चढलास की वढ्याचं वळन निगतं. आकारामाच्या नावंत पानी शिरंल."

"मग खाली कोन? का एकटीच दोन्हीकडनं ओढनार हायस?"

त्येचं खरं व्हतं. मी मूठ धरून तशीच उभी. खाली खड्डा मोकळा.

साळूबाई पाटी घिऊन दारात उभी व्हती. तिनं पाटी कट्ट्यावर ठिवली, फडकं झाकलं आन् कासोटा घट्ट केला. खड्ड्याच्या काठाला बसून पाय आत सोडलं.

दस्तगीर म्हनला, "आवं साळूबाई, आकारामाला इचारलं का?"

"त्येला इचारून मी जेवते का? नाव कुनाची हाय? माजीबी हाय." उतरली खाली. "जरिना, सांग गं, काय करू?"

मी म्हनले, "वर बघू नगंस. ओढ म्हनलं की ओढ, सोड म्हनलं की सोड. लोंबकळू नगंस."

"मी लोंबकळले तर तू वर उडशील की."

सुरवातीला करवत नुसती थरथरली. साळू जोरात ओढायची, सोडायलाच इसरायची. मग जमलं. माजी नजर रेघंवरनं हालली न्हाई. भाभीनं मारलेलं सूत, काजळाचं, अजून पुसलं न्हवतं. हातभर गेलो आन् करवत आवळली.

मी करवत सोडली. घन उचलाय वाकले, तिच्यासारखी, वरनंच.

"थांब," दस्तगीर म्हनला. पुढं आला, माझ्या हातनं घन काढून घेतला, पाचर उचलली. ओंडक्याच्या तोंडाकडं गेला, भुईवर बाजूला उभा ऱ्हायला. माज्याकडं बघितलं न्हाई. "सर मागं."

मी मागं सरले. म्हनले, "हळू हान."

त्येनं हळूच हानली. चार घाव. चीर उघडली.

जेवनयेळंच्या आत उरलेलं कापून झालं. फळी सुटली, आख्खी, चौदा हाताची. दस्तगीरनं घन भिंतीला टेकवून ठिवला. जागंचं नाव त्येनं काढलं न्हाई. तोंड धुवून निगून गेला. त्येनं तीन आठवडं आधी आसाच घन धरला आसता तर. हे मी त्येला म्हननार हाय, त्यो पुन्यांदा आला की. माफ केलं न्हाई मी अजून.

साळूबाई खड्ड्यातनं वर आली. केसात, भिवयांत, तोंडात भुसा. दोनदा थुंकली, पदरानं डोळं पुसलं. हंबीररावांचा आंब्याचा ओंडका भिंतीकडंला पडून व्हता, त्येच्याकडं बघत म्हनली, "ह्येला उद्या कवा यिऊ?"

मी म्हनले, "उन्हं चढायच्या आत ये. आन् डोक्याला फडकं बांधून ये."