दुसरी चप्पल

हायकोर्टाच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या मावशी सकाळपासून पाण्यालाही उठल्या नव्हत्या. मांडीवरच्या पिशवीत त्यांच्या मारल्या गेलेल्या लेकीची एक चप्पल होती. दुसरी पोलिसांना आरोपीच्या घरी सापडली. पण पंचनाम्यावर पंचाची सही राहिली, म्हणून खालच्या कोर्टाने ती पुराव्यात धरलीच नाही. आरोपी सुटला.

सरकारी वकीलबाई बाहेर आल्या. "मावशी, अपिलाची परवानगी मिळाली."

"म्हणजे चप्पल बघतील?"

"बघतील. मानतील की नाही, ते पुढे."

"बघू देत तर खरं."

न्याय अजून लांबच होता. पण कुणीतरी बघायला तयार झालं, एवढ्यानेही माणूस किती सैल होतो! मावशींनी पिशवी अलगद माझ्या मांडीवर ठेवली.

"सांभाळा हं जरा. पाणी पिऊन येते."