अण्णांनी दिलेली मुलाखत

नोकरीच्या मुलाखती मी इतक्या दिल्यात की 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं तर झोपेतसुद्धा सुरू होईन. एम.एस्सी. रसायनशास्त्र, पैठणजवळचं गाव, आवड वाचनाची. वाचन कसलं डोंबलाचं, अभ्यासाशिवाय पुस्तक हातात धरलं नव्हतं. पण मुलाखतीत सगळेच वाचतात. एका साहेबांनी विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही कुठं असाल? मी म्हणाले, इथंच, फक्त पगारावर. साहेब पोट धरून हसले आणि नोकरी दुसऱ्याला दिली.

त्यातली ही सहावी. शहरातल्या एका कॉलेजात नोकरी मेळावा होता आणि वाळूजकडच्या एका औषध कंपनीला प्रयोगशाळेत माणसं हवी होती. अगदी माझंच काम! अडचण एकच. दर पंधरा दिवसांनी दुसरी पाळी यायची, दुपारी तीन ते रात्री अकरा. आणि त्यावर अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उत्तर ठरलेलं होतं: "नाय." याच 'नाय'पायी हातात आलेली एक नोकरी मी सोडली होती. त्याचा राग अजून गेला नव्हता. म्हणून या वेळी पाळीचं मी त्यांना सांगितलंच नाही. आधी मिळू तर दे, मग भांडू, असं ठरवलं.

अण्णा सोबत आलेच. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी आणि साहेबांसाठी पिशवीभर मोसंबी.

"अहो अण्णा, मोसंबी देऊन नोकरी मिळत नसते," मी एसटीतच कुरकुर केली.

"नसंल मिळत. म्हणून काय मोकळ्या हातानं जायचं व्हय?"

त्यांना आवारातल्या लिंबाखालच्या बाकावर बसवून मी वर गेले.

आत तिघं बसलेले. रसायनशास्त्राचं सगळं मी धडाधड सांगितलं, आवाजसुद्धा कापला नाही. शेवटी त्यातल्या मॅडम म्हणाल्या, "तुमची उत्तरं आम्हाला आवडलीत. दुसऱ्या पाळीला घरचे सोडतील ना?"

झालं! हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर नोकरी गेली. "विचारून सांगते," एवढंच पुटपुटले.

"चारपर्यंत सांगा. नंतर आम्ही दुसऱ्या मुलीला कळवू."

खाली येऊन बघते तर काय, इकडं अण्णांचीच मुलाखत चालली होती! माझ्याच वयाची एक मुलगी मांडीवर फाइल ठेवून लिहीत होती आणि अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते. मी मागंच थांबले.

"जमीन किती, काका?"

"वीस एकर. समदी बागायती."

आमची चार एकर.

"मुलगी घरकाम करते?"

"सुगरण हाय. पुरणपोळी करती तर असं वाटतं, खातच राहावं. आन घरात कोणाला बीपी नाय, शुगर नाय." हे कुणी विचारलंही नव्हतं.

माझी पोळी आजवर कधी गोल झालेली नाही. हा माणूस एवढं का रेटतोय, ते मला तेव्हा कळलं. आमच्याकडं पोरगी बघायला पाहुणे आले की त्यांच्यातला एक जण हळूच बाहेर येऊन बापाला गाठतो, घरदाराची चौकशी करतो. अण्णांना वाटलं, कंपनीनंही तसंच माणूस पाठवलंय.

"मुलीला दुसऱ्या पाळीची नोकरी मिळाली, रात्री अकरापर्यंतची, तर करू द्याल?"

अण्णांनी मोसंबीची पिशवी जवळ ओढून घेतली.

"एकदा नाय म्हणलो होतो," ते म्हणाले. "दोन दिवस जेवली नाय पोरगी. माझ्याशी तर महिनाभर बोलली नाय. आता करू देईन. लागलं तर इथं खोली घेऊन राहीन, रोज गेटवर जाईन आणायला. पर अडवणार नाय."

मला राहवेना. पुढं होऊन विचारलं, "ताई, तुम्ही कंपनीच्या का?"

"नाही हो. मी पीएच.डी. करतेय, नोकरी करू पाहणाऱ्या मुलींच्या पालकांवर. काकांना सुरुवातीलाच सांगितलं होतं मी."

अण्णांचा चेहरा असा पडला की मला हसूच आवरेना. पण हसता हसता धाकधूक व्हायला लागली. आता हा माणूस सगळंच मागं घेणार!

"म्हंजी हे कंपनीला नाय कळणार?"

"कुणालाच नाही, काका. तुमचं नावसुद्धा लिहिलेलं नाही."

"मग बाई, जरा दुरुस्ती करा." अण्णा ओशाळून हसले. "जमीन चार एकर लिहा. बीपी मला हाय. आन सैपाकाचं तर तिच्या आईलाच इचारा."

ती हसत एकेक उत्तर खोडत गेली. शेवटच्या प्रश्नावर येऊन तिनं पेन उचललं. "आणि हे पाळीचं?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. टोपी काढली, झटकली, परत घातली.

"ते राहू द्या," म्हणाले. "ते खरं सांगितलंय."

चाराला दहा मिनिटं कमी होती. दोन-दोन पायऱ्या गाळत मी वर पळाले, दार न वाजवताच आत शिरले आणि धापा टाकत म्हणाले, "मॅडम, सोडतील."